नर-मादीच्या आधी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईत हेन्री कार्टर नावाचे दोन डॉक्टर होते. त्यातला हेन्री व्हॅनडाइक कार्टर 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'ची चित्रं काढून १८५८ साली इथे आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला, कुष्ठरोगावर काम करून नावाजला. वैद्यकाच्या इतिहासात कार्टर म्हटलं की तोच आठवतो. दुसरा हेन्री जॉन कार्टर त्याच्या आधीपासून कंपनी सरकारच्या नोकरीत होता. पश्चिम भारतातल्या खडकांपासून गोड्या पाण्यातल्या स्पंजांपर्यंत त्याला सगळ्यातच रस होता. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही आज नुसती नावं उरली आहेत, पण तेव्हा मुंबई बेटावर खरोखरची तळी होती आणि त्यांच्या हिरव्या पाण्याचे थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरून बसण्याचा या माणसाला नाद होता. १८५८ आणि १८५९ साली त्याने लंडनच्या एका निसर्गविज्ञान नियतकालिकात दोन निबंध छापले. विषय होता युडोरिना आणि व्हॉल्वॉक्स या गोल गोल फिरणाऱ्या शैवालांतलं फलन. या हिरव्या ठिपक्यांतही मोठी अंडी असतात, त्यांच्याकडे पोहत येणारे बारीक शुक्राणू असतात आणि त्यांचं मीलन होतं, हे त्याने बारकाईने टिपून ठेवलं.

१८७८ साली श्टाइन या शास्त्रज्ञाने त्यातल्या एका जातीला 'व्हॉल्वॉक्स कार्टेरी' हे नाव दिलं. १९३३ साली मद्रासच्या एम. ओ. पी. अय्यंगार यांनी, म्हणजे ज्यांना भारतीय शैवालशास्त्राचे जनक मानतात त्यांनी, दक्षिणेतल्या नगरी या गावावरून याच जातीचा 'नगरीएन्सिस' हा उपप्रकार वर्णन केला. पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या रिचर्ड स्टार यांनी जपानमधल्या कोबेहून याच उपप्रकाराचे नर आणि मादी आणून प्रयोगशाळेत वाढवले. नर म्हणजे काय, मादी म्हणजे काय, हा प्रश्न जनुकांच्या पातळीवर विचारण्यासाठी आज जगभर जी व्हॉल्वॉक्स वापरतात ती बहुतांशी या कोबेच्या वाणाची वंशज आहे.

हे पुस्तक त्या प्रश्नाबद्दल आहे.

शाळेत आपण शिकतो की नराकडे शुक्राणू आणि मादीकडे अंडं, आणि दोघांच्या मीलनातून नवा जीव. यात चूक काही नाही, पण क्रम मात्र उलटा मनात बसतो. आपल्याला वाटतं की आधी नर-मादी होते आणि त्यांच्यामुळे लैंगिक प्रजनन आलं. हिरवी शैवालं पाहिली की कळतं, मीलन फार जुनं आहे आणि नर-मादी त्या मानाने कालचे. दोन पेशी एकत्र येत होत्या, केंद्रकं एक करत होत्या, जनुकं पिसून पुन्हा वाटून घेत होत्या. त्या काळात त्यांच्यात लहान-मोठं असं काहीच नव्हतं. लहान-मोठेपणा नंतर आला, आणि शैवालांच्या निरनिराळ्या कुळांत तो स्वतंत्रपणे अनेकदा आला. प्राण्यांमध्ये हा इतिहास वाचायला वाव नाही, कारण मधल्या पायऱ्या शिल्लक नाहीत. व्हॉल्वॉक्सच्या कुळात मात्र जवळजवळ प्रत्येक पायरीवरचं कुणी ना कुणी आजही डबक्यांत जिवंत आहे. या विषयाचं एवढं महत्त्व का, याचं माझ्या लेखी हेच उत्तर आहे.

सर्वांत खालच्या पायरीवर क्लॅमिडोमोनास आहे. एकच पेशी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी, पुढे दोन कशाभिका, पोटात पेल्यासारखं एकच मोठं हरितलवक आणि उजेडाची दिशा ओळखणारा एक तांबूस ठिपका. आज प्रयोगशाळांत वाढणारे बहुतेक वाण १९४५ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या बटाट्याच्या शेतातल्या मातीतून मिळालेल्या एका सुप्त बीजाणूचे वंशज आहेत. खायला-प्यायला असेतो ही पेशी नुसती दुभंगत राहते. जोडीदाराची तिला गरज नसते. पाण्यातला नायट्रोजन संपला की मात्र सगळं बदलतं. काही तासांत पेशी युग्मक बनतात. दिसायला सगळी युग्मकं सारखीच, पण 'प्लस' आणि 'मायनस' असे त्यांचे दोन गट असतात. प्लस फक्त मायनसशीच जुळतो, मायनस फक्त प्लसशी. जगातल्या बहुतेक एकपेशीय जीवांचं लिंग यापलीकडे जात नाही.

हे जुळणं पाहण्यासारखं असतं. दोन गटांचं पाणी एकत्र केलं की काही क्षणांत पेशींचे पुंजके होतात, कारण कशाभिकांवरची प्रथिनं एकमेकींना चिकटतात. त्या चिकटण्यातूनच पेशीच्या आत निरोप जातो. दोघंही आपली पेशीभित्तिका विरघळवून टाकतात. प्लस पेशी समोरून एक बारीक नळी बाहेर काढते, मायनसच्या टोकाशी ती टेकते आणि दोघांचे पेशीद्रव एक होतात. काही काळ चार कशाभिकांची ही जोडपेशी पोहत राहते, मग कशाभिका गळतात, भोवती जाड कवच येतं आणि युग्मनज सुप्त होतो. सुकलेल्या मातीत, गोठलेल्या थंडीत तो टिकून राहतो. पुन्हा ओल, उजेड आणि नायट्रोजन मिळाला की अर्धसूत्री विभाजन होऊन चार पेशी बाहेर पडतात. नेमक्या दोन प्लस, दोन मायनस. जनुकशास्त्रज्ञाला याहून सोयीचा जीव मागून मिळायचा नाही. एकाच विभाजनाची चारही अपत्यं हाती लागतात, आणि पेशी एकगुणित असल्यामुळे कुठलंच जनुक दुसऱ्या प्रतीआड लपत नाही.

सोयीच्या जीवाबरोबर सोयीचे निष्कर्षही येऊ शकतात. १९३० च्या दशकात जर्मनीत फ्रान्त्स मेवुस नावाच्या तरुण संशोधकाने याच शैवालाच्या एका जातीवर थक्क करणारे निबंध प्रसिद्ध केले. केशराच्या रंगद्रव्याशी नातं असलेली काही रसायनं शैवालाचं लिंग ठरवतात, त्यांचं प्रमाण बदललं की नराची मादी होते, आणि अमुक रसायन अमुक जनुक बनवतं, अशी सारी साखळी त्याने मांडली होती. रसायनशास्त्राचे नोबेलविजेते रिचर्ड कून त्याचे सहलेखक होते. जनुक आणि रसायन यांचा असा थेट संबंध तोवर फारसा कुणी दाखवला नव्हता, त्यामुळे मेवुसचं नाव मोठ्या आदराने घेतलं जाई. १९३९ साली जे. बी. एस. हाल्डेन यांनी, पुढे भारताचं नागरिकत्व घेतलेल्या त्याच हाल्डेन यांनी, सहकाऱ्यासोबत त्याचे आकडे तपासले. आकडे अपेक्षेशी इतके चपखल जुळत होते की योगायोगाने तसं घडणं अशक्यप्राय होतं. खऱ्या मोजणीत थोडा तरी गोंधळ असतोच. मेवुसच्या मोजणीत तो नव्हता. पुढे तो अमेरिकेत गेला. १९५० च्या दशकाच्या मध्यावर कोलंबिया विद्यापीठातल्या फ्रान्सिस रायन यांनी त्याचे प्रयोग त्याच्याच उपस्थितीत पुन्हा करून पाहिले. ते जमले नाहीतच, शिवाय पेशींची हालचाल थांबावी म्हणून पाण्यात आयोडीन मिसळल्याचं उघड झालं. एका मोठ्या कीर्तीचा तिथे शेवट झाला. मला या प्रकरणाची मौज वाटते ती एवढ्यासाठी की मेवुसचा मुख्य प्रश्न बरोबर होता. शैवालाचं लिंग ठरवणारी साखळी खरोखर आहे. ती शोधायला पुढची पन्नासेक वर्षं आणि पुष्कळ कंटाळवाणी, प्रामाणिक मोजणी लागली.

दरम्यान रूथ सेगर यांनी १९५४ साली याच शैवालात एक विचित्र गोष्ट दाखवली. स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारे काही वाण होते आणि त्यांचा हा गुण मेंडेलच्या नियमांनी चालत नव्हता. तो फक्त प्लस पालकाकडून येई, चारही अपत्यांत. मायनस पालकात तो असला तरी संततीत दिसत नसे. जनुकं केंद्रकाबाहेरही असतात, हरितलवकाचं स्वतःचं डीएनए असतं, याकडे बोट दाखवणारा हा महत्त्वाचा पुरावा ठरला. आज आपल्याला माहीत आहे की मीलनानंतर थोड्याच वेळात मायनसच्या हरितलवकातलं डीएनए पद्धतशीर नष्ट केलं जातं. गंमत म्हणजे तंतुकणिकांचं डीएनए नेमकं उलट वागतं. ते मायनसकडून टिकतं, प्लसचं जातं. आईकडूनच पेशीतल्या या वस्तू मिळतात, असा आपल्या प्राण्यांवरून बनलेला समज इथे लागू करायला जागाच नाही, कारण दोघांपैकी आई कोण, हेच ठरलेलं नाही.

प्लस-मायनस ठरवतं काय? सहाव्या गुणसूत्रावर काही लाख अक्षरांचा एक पट्टा आहे. प्लस आणि मायनसमध्ये या पट्ट्यातला मजकूर इतका उलटसुलट झालेला आहे की तिथे जनुकांची नेहमीची अदलाबदल होऊ शकत नाही, त्यामुळे तो एकगठ्ठा वारशाने जातो. १९९७ साली पॅट्रिक फेरिस आणि उर्सुला गुडइनफ यांनी या पट्ट्यातून 'मिड' हे जनुक वेगळं काढलं. ते फक्त मायनसमध्ये असतं. ते मोडलं तर मायनस पेशी प्लससारखी वागू लागते. प्लस पेशीत घातलं तर तीही मायनसची वाट धरते. म्हणजे प्लस ही इथली मूळ अवस्था झाली, आणि तिच्यावर 'मिड'चा हुकूम चालला की मायनस घडते. लिंग नावाच्या एवढ्या मोठ्या गोष्टीच्या मुळाशी, निदान या कुळात, एवढंसं एकच कळीचं बटण निघालं.

आता पुढच्या पायऱ्या. सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वी या कुळातल्या काही पेशी दुभंगल्यावर एकमेकींपासून सुटेनाशा झाल्या. गोनियम आठ किंवा सोळा पेशींची चपटी वसाहत करतं, पँडोरिना आणि युडोरिना गोलाकार. प्लिओडोरिनात काही पेशी प्रजनन सोडून नुसतं पोहण्याचं काम पत्करतात. आणि व्हॉल्वॉक्स कार्टेरीच्या एका गोलात दोनेक हजार पोहणाऱ्या पेशी आणि आत सोळाच्या आसपास प्रजननक्षम पेशी. गोनियमची युग्मकं सारखीच, युडोरिनापासून लहान-मोठी, व्हॉल्वॉक्समध्ये सरळ अंडं आणि शुक्राणू. १८६९ साली प्रिंग्सहाइम यांनी पँडोरिनाची पोहणारी युग्मकं जुळताना पाहून लिहिलं, तेव्हाच या मालिकेचं महत्त्व जाणकारांच्या लक्षात आलं होतं.

लहान-मोठं का व्हावं, याचं सर्वाधिक मान्य उत्तर १९७२ साली पार्कर, बेकर आणि स्मिथ यांनी मांडलं. प्रत्येक जीवाकडे युग्मकांवर खर्चायला ठरावीकच माल आहे. त्याचे बारीक बारीक पुष्कळ तुकडे केले तर जोडीदार सापडण्याची शक्यता वाढते. थोडेच पण मोठे केले तर युग्मनजाला शिदोरी चांगली मिळते. मधल्या आकाराला यातलं धड काहीच साधत नाही, म्हणून मध्य रिकामा होतो आणि दोन टोकं उरतात. युग्मनजातून एकच पेशी उभी राहायची असेल तर शिदोरीचं फारसं अडत नाही, दोन हजार पेशींचा गोल उभारायचा असेल तर अडतं. म्हणून वसाहत जशी मोठी, तशी अंड्याची गरजही. या कुळात साधारण तसंच दिसतं, अपवाद सांभाळून.

पण गणिताला जनुकांचं नाव-गाव नसतं. प्लस आणि मायनस यांपैकी नर कोण झाला आणि मादी कोण? गणित कुठलाही कौल देत नाही. २००६ साली टोकियो विद्यापीठातल्या हिसायोशी नोझाकी आणि सहकाऱ्यांना प्लिओडोरिनाच्या नरांत, आणि फक्त नरांतच, 'मिड'चाच वंशज सापडला. त्या प्रथिनाला त्यांनी 'ओतोकोगी' असं मर्दानगीचं जपानी नाव देऊन टाकलं. म्हणजे नर हा जुन्या मायनसचा वारसदार. चार वर्षांनी फेरिस, जेम्स उमेन आणि इतरांनी व्हॉल्वॉक्सचा हाच पट्टा वाचला. तो क्लॅमिडोमोनासच्या पट्ट्याच्या जवळजवळ पाचपट मोठा निघाला आणि पेशीचा आकार नि विभाजन सांभाळणारं एक जनुकही त्यात ओढलं गेलेलं होतं. २०१४ साली त्याच गटाने कळ दाबून पाहिली. मादीत 'मिड' चालू केलं तर अंड्यांच्या जागी शुक्राणूंच्या जुड्या तयार झाल्या. नरात ते दाबून टाकलं तर अंडी झाली, काही गोलांत तर अंडी आणि शुक्राणू दोन्ही, आणि त्यांनी स्वतःशीच फलनही केलं.

इथे सगळं जुळल्यासारखं वाटतं: नर-मादी घडवायला लिंगाचा पट्टा फुगवावा लागतो, त्यात नवी जनुकं गोळा व्हावी लागतात. अनेकांचा तसा समज होता. २०१८ साली जपानी गटाने युडोरिनाचा पट्टा वाचला, तर नराचा पट्टा जेमतेम सात हजार अक्षरांचा. नर आणि मादी स्पष्ट वेगळे, पण ठरवणारा भाग सारखी युग्मकं असणाऱ्या नातेवाइकांपेक्षाही छोटा. तेव्हा पट्ट्याचा फुगवटा हा नर-मादी होण्याचं कारण नव्हे; 'मिड'च्या हुकमाखाली कोणकोणती जनुकं काम करू लागली, हे खरं शोधायला हवं. ती यादी आज अपुरी आहे. या पुस्तकातलं सर्वांत कठीण प्रकरण त्याबद्दल आहे आणि घाईने वाचणाऱ्याला ते रुक्ष वाटेल, हे आधीच सांगून ठेवतो.

एक मूलभूत प्रश्न बाजूला राहिला: हा सगळा खटाटोप कशासाठी? व्हॉल्वॉक्सचं एरवी जोडीदारावाचून छान चालतं. उथळ डबकं उन्हाने तापू लागलं की मात्र तिच्या पोहणाऱ्या पेशी एक प्रथिन सोडतात, असं डेव्हिड आणि मॅरिलिन कर्क यांनी १९८६ साली दाखवलं. हे प्रथिन इतकं प्रभावी की एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले तीनेक भाग लिटरभर पाण्याला पुरतात. त्या इशाऱ्यावर पुढची पिढी लैंगिक निपजते आणि डबकं आटायच्या आत जाड कवचाचे युग्मनज तयार होतात. ऑरोरा नेडेल्कू आणि रिचर्ड मिशोड यांनी २००३ साली पुढचा दुवा जोडला. ताणामुळे पेशीत साचणारी जहाल ऑक्सिजन-संयुगं ऑक्सिडीकरणरोधकांनी शांत केली, तर लैंगिकता सुरूच होत नाही. आणि फायद्याचा पुरावा? निक कोलग्रेव्ह यांनी २००२ साली क्लॅमिडोमोनासच्या लहान-मोठ्या लोकसंख्या नव्या परिस्थितीत वाढवल्या. मोठ्या लोकसंख्येत लैंगिक प्रजननाने जुळवून घेण्याचा वेग स्पष्टपणे वाढला, कारण वेगवेगळ्या पेशींत उपजलेले चांगले बदल एकत्र येऊ शकले. यावरून लैंगिकतेचं कोडं सुटलं असं म्हणणारे आहेत. मी त्यांच्यात नाही. एवढंच म्हणेन की गोगलगाय किंवा माणूस यांच्यापेक्षा शैवालात हे कोडं निदान काचेच्या चंबूत घालून तपासता येतं.

या कुळाबाहेर जाणारे दोन धागे वाचकाने हाताशी ठेवावेत. पहिला, दोन पेशींचं आवरण एक करणारं 'हॅप-२' हे प्रथिन. क्लॅमिडोमोनासमध्ये ते मायनसकडे असतं. लिलीच्या शुक्रपेशीत आणि हिवतापाच्या परजीवीतही सापडतं. २०१७ साली त्याची घडण उलगडली, तेव्हा ती डेंग्यू आणि झिकाच्या विषाणूंच्या पेशीत शिरणाऱ्या प्रथिनासारखी निघाली. विषाणूने ती शैवालांच्या पूर्वजांकडून उचलली की पूर्वजांनी विषाणूकडून, यावर वाद चालू आहे. दुसरा धागा दोन नियामक प्रथिनांचा. एक प्लस युग्मक आणतं, दुसरं मायनस. युग्मनजात दोघांची जोडी जुळली की मीलन पूर्ण झाल्याची खूण पटते आणि पुढचा कार्यक्रम सुरू होतो. गुडइनफ यांच्या गटाने २००८ साली हे दाखवलं. मक्याच्या किंवा ज्वारीच्या शेंड्यात वाढ चालू ठेवणारी जनुकं याच दोन घराण्यांतली आहेत. जमिनीवरच्या झाडांचे सर्वांत जवळचे नातेवाईक म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या स्पायरोगायराचं कूळ. त्याने तर कशाभिकाच टाकून दिल्या. शिडीसारखे शेजारी पडलेल्या दोन धाग्यांपैकी एकाच्या पेशी नळीतून दुसऱ्यात रिकाम्या होतात. त्याची गोष्ट वेगळ्या पुस्तकाची आहे, इथे ती एका प्रकरणात आटोपली आहे.

वाचताना एक पथ्य पाळावं. 'नर', 'मादी' हे शब्द पुढे वारंवार येतील. शैवालात त्यांचा अर्थ लहान युग्मक करणारा आणि मोठं युग्मक करणारा एवढाच आहे. माणसांच्या स्त्री-पुरुषपणाबद्दल त्यातून काही शोधायला जाऊ नये. 'मिड' आपल्यात नाही, आणि आपलं नर-मादीपण प्राण्यांच्या वाटेवर स्वतंत्रपणे आलेलं आहे. तरीही, निसर्गात दोनच पक्की लिंगं असतात असं ठामपणे सांगणाऱ्यांना मी शेवटचं प्रकरण आधी वाचायला सांगेन. जपानमधल्या सागामी नदीच्या खोऱ्यातल्या पाण्यातून गोळा केलेल्या प्लिओडोरिनात नर आहेत, मादी आहेत, आणि तिसरा असा एक प्रकार आहे ज्याची एकाच पूर्वजापासून वाढलेली प्रजा अंडीही करते आणि शुक्राणूही. २०२१ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. जनुकांच्या हिशेबात हा तिसरा प्रकार नराकडचाच, त्याच्याकडे नराचं 'मिड' आहे. पण त्याला दोन्ही जमवून देणारा घटक लिंगाच्या पट्ट्याबाहेर कुठेतरी आहे. तो नर आणि मादी दोघांशीही जुळतो. एकाच जातीच्या पाण्यात तिघंही राहतात, आणि त्यांतला कोण कुणाच्या दिशेने निघाला आहे, स्वतंत्र लिंगांकडून उभयलिंगी अवस्थेकडे की उलट, यावर संशोधक आता क्रॉस करून करून मोजणी करत आहेत.